'आउट रन'चे यंत्र ठेवावे की भंगारात द्यावे? : वाचकांचे प्रश्न

मागील अंकात आम्ही खान्देशातील यात्रांमध्ये आणि शहरांत एकेकाळी चालणाऱ्या व्हिडिओ गेम पार्लरांवर एक टिपण छापले होते. त्यावर जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून पत्रे आली आणि त्यांतील बहुतेक मोटार-शर्यतीच्या खेळयंत्रांविषयी होती. त्यांपैकी काही निवडक प्रश्न येथे घेतले आहेत. धुळ्याच्या पत्राला सर्वांत जास्त जागा दिली आहे, कारण त्या पत्रलेखकाला निर्णय लवकर घ्यायचा आहे आणि एकदा चुकीचा निर्णय झाला की तो दुरुस्त होण्यासारखा नाही.

प्रश्न : आमच्या नानांचे महामार्गालगत जुन्या यंत्रसामग्रीचे गोदाम आहे. मुंबईतील एका बंद पडलेल्या करमणूक केंद्राच्या सामानाबरोबर त्यांच्याकडे 'आउट रन' नावाचे, बसून खेळायचे यंत्र आले आहे. वीज जोडल्यावर दिवे लागतात, आवाज येतो, पण चित्र येत नाही. एका ओळखीच्या गृहस्थांचे म्हणणे असे की आतील सर्व काढून संगणक आणि सपाट पडदा बसवावा, म्हणजे त्यावर हजारो खेळ चालतील. दुसरे म्हणतात की आहे तसेच ठेवावे, संग्राहक शोधत येतील. नाना मात्र लोखंडाच्या भावात देऊन टाकायला निघाले आहेत. काय करावे? — एक वाचक, धुळे

उत्तर : नानांना आधी थांबवावे. 'आउट रन' हे जपानच्या सेगा कंपनीचे १९८६ सालचे यंत्र असून ते यू सुझुकी यांच्या हातून घडले आहे. त्याआधीच्या शर्यतींच्या खेळांत बहुधा एकाच बंदिस्त मार्गावर फेऱ्या मारत प्रतिस्पर्ध्यांना मागे टाकायचे असे. येथे मात्र उघड्या टपाची लाल मोटार आहे, शेजारी एक सहप्रवासी तरुणी आहे, समुद्रकिनाऱ्यापासून निघणारा रस्ता आहे आणि प्रत्येक टप्प्याच्या अखेरीस त्या रस्त्याला दोन फाटे फुटतात. एकूण टप्पे १५ असले तरी एका खेळीत त्यांतील पाचच पार करता येतात, आणि आपण कोणकोणते फाटे धरले यावर पाचांपैकी कोणता शेवट वाट्याला येणार हे ठरते. पहिला-दुसरा क्रमांक असा प्रकारच नाही; स्पर्धा आहे ती केवळ घड्याळाशी. गिअर दोनच आहेत, वेग ताशी २९३ किलोमीटरपर्यंत चढतो, आणि गाडी सुटण्याआधी मोटारीतील रेडिओवर तीन धुनांपैकी एक निवडायची असते. हिरोशी कावागुची यांनी रचलेल्या त्या धुना आज चाळीस वर्षांनंतरही स्वतंत्रपणे ऐकल्या जातात. मोटार उघडउघड फेरारी टेस्टारोसासारखी दिसते, पण त्या कंपनीची रीतसर परवानगी त्या वेळी घेतलेली नव्हती. म्हणून पुढील काही आवृत्त्यांत गाडीचे रूप बदलावे लागले, आणि मूळ रूपातील यंत्राविषयी संग्राहकांना वाटणाऱ्या ओढीचे हेही एक कारण आहे.

या यंत्राच्या चार प्रकारच्या पेट्या निघाल्या. त्यांत एक उभ्याने खेळायची, एक तिच्याहून लहान उभी, एक साधी बसायची आणि एक मोठ्या पडद्याची बसायची, म्हणजे 'डिलक्स'; बसायच्या दोन्ही पेट्या स्टिअरिंग फिरवताच आसनासकट डुलतात. नानांकडे बसायची पेटी आहे, तेव्हा तिचा पडदा किती मोठा आहे आणि तळाची मोटर व हालणारा सांगाडा शाबूत आहे का, हे सर्वांत आधी पाहावे. पडदा २६ इंचांचा असेल तर ती डिलक्स, २० इंचांचा असेल तर साधी; डुलणाऱ्या अशा पेट्या फारच थोड्या उरल्या आहेत. याचे कारण भावनिक नसून सरळ धंद्याचे आहे. बसायची पेटी पार्लरमध्ये दोन-तीन उभ्या पेट्यांची जागा खाते, तिचे हलते भाग लवकर झिजतात, आणि नवा खेळ आला की मालक जुनी पेटी मोडून तिच्यात नवा बोर्ड, म्हणजे खेळ चालवणारी चिपांची पाटी, बसवतो किंवा ती सरळ बाहेर काढतो. जी पेटी चालवणे मालकाला सर्वांत महाग पडत होते, तीच आज संग्राहकाला सर्वांत दुर्मीळ वाटते.

आता चित्राविषयी. चित्र येत नसताना आवाज येतो ही चांगली खूण आहे, आणि पडदा काळा असतानाही या यंत्राची बरीचशी परीक्षा करता येते. नाणे-दाराच्या आतील स्विच दाबून एक नाणे टाकल्यासारखे करावे आणि सुरुवातीचे बटण दाबावे. धून निवडण्याचा पडदा आला असेल, म्हणून स्टिअरिंग डावीकडे आणि मग उजवीकडे फिरवावे. धून बदलत असेल तर मुख्य प्रोग्राम, आवाजाचा विभाग आणि स्टिअरिंग ही तिन्ही जिवंत आहेत. पुढे खेळ सुरू झाल्यावर ॲक्सिलरेटर दाबला असता इंजिनाचा आवाज चढतो की नाही हे ऐकावे. एवढे जमले तर बिघाड बहुधा चित्राच्या बाजूला आहे, आणि तोही बऱ्याचदा पिक्चर ट्यूबच्या मॉनिटरमध्ये असतो.

मॉनिटरसाठी मुंबईहून तज्ज्ञ आणण्याची घाई करू नये. 'आउट रन'चे चित्र ३२० बाय २२४ ठिपक्यांचे असते आणि त्याच्या आडव्या रेषांची गती आपल्याकडील जुन्या रंगीत टीव्हीच्या गतीइतकी, म्हणजे सेकंदाला पंधरा हजारांच्या वर काही शे अशीच असते. म्हणून ज्याने आयुष्यभर जुने टीव्ही दुरुस्त केले आहेत असा धुळ्यातील किंवा अमळनेरातील कारागीर हे काम समजू शकतो. फरक इतकाच की टीव्हीला अँटेनाचा संकेत लागतो, आणि येथे बोर्डाकडून लाल, हिरवा, निळा हे तीन रंग आणि त्यांची वेळ जुळवणारा संकेत स्वतंत्र तारांनी येतो. ट्यूबच्या मानेत केशरी उजेड दिसतो का, मॉनिटरचा फ्यूज शाबूत आहे का, ट्यूबला जास्त दाब पुरवणारा फ्लायबॅक ट्रान्सफॉर्मर फुटलेला आहे का, हे त्यांनी पाहावे. मात्र आपण स्वतः पेटीचा मागचा दरवाजा उघडून ट्यूबला हात लावू नये. तिच्यावर २० हजार व्होल्टांच्या आसपास दाब असतो आणि वीज काढल्यावरही तो बराच काळ टिकून राहू शकतो. तो रीतसर उतरवल्याशिवाय जाणकार कारागीरही आत हात घालत नाही.

बोर्ड खरा आहे की नकली, हेही तपासून घ्यावे, कारण या खेळाचे नकली बोर्ड निघाले होते. मूळ रचनेत एकमेकांना जोडलेले दोन मोठे बोर्ड असतात, एक मुख्य गणनेचा आणि एक चित्राचा. ६४ पायांचे, बोटभर लांबीचे दोन ६८००० प्रोसेसर आणि आवाजासाठी एक झेड-८० असा त्यांचा संसार आहे. त्या काळी खेळांमध्ये त्रिमिती आकृत्या प्रत्यक्ष मोजून काढण्याइतकी ताकद सहसा नसे. झाडे, फलक आणि गाड्या यांची सपाट चित्रे क्षणोक्षणी लहान-मोठी करून हा बोर्ड खोलीचा आभास निर्माण करतो, आणि तो इतका सफाईदार आहे की आजही पहिल्या वळणावर पोटात हलके वाटते. सेगाचे नाव छापलेले बोर्ड, पेटीच्या मागील क्रमांकाची पट्टी, कडांची मूळ रंगपट्टी आणि नाणे-दार ही जितकी जुळतील तितकी पेटीची प्रत वरची समजावी.

आतील काढून संगणक बसवण्याचा सल्ला मला मान्य नाही. तसे केल्याने हाती येते ते एक मोठे, जड आणि सामान्य यंत्र, आणि जाते ते परत मिळत नाही. ट्यूब खरोखरच गेली असेल तर दुसऱ्या जुन्या टीव्हीची त्याच मापाची आणि जुळणारी ट्यूब चढवण्याचा प्रयत्न करावा. तोही फसला तर सपाट पडदा बसवायला हरकत नाही, पण पेटीला एकही नवे छिद्र न पाडता, आणि काढलेली प्रत्येक वस्तू, अगदी स्क्रूसुद्धा, पिशवीत नाव लिहून जपून ठेवावी. विकायचेच असेल तर अख्खे विकावे. स्टिअरिंग एकाला, बोर्ड दुसऱ्याला आणि सांगाडा भंगारवाल्याला असे झाले की पैसे लवकर सुटतात, पण खेळ संपतो. सुट्या भागांवर डोळा ठेवून येणारे ग्राहक गोड बोलतात, हे नानांना वेगळे सांगायला नको.

प्रश्न : मी संगणक अभियांत्रिकीचा विद्यार्थी आहे. हे सर्व जुने खेळ आज संगणकावर आणि मोबाइलवर हुबेहूब चालतात. तरीही लोक टनभर लाकूड आणि काच घरात का आणतात? हा केवळ आठवणींचा व्यापार नव्हे काय? — एक वाचक, जळगाव

उत्तर : आठवणींचा भाग त्यात आहेच, पण ज्यांच्या जन्माआधी ही यंत्रे बंद पडली असे तरुणही ती गोळा करतात, तेव्हा केवळ तेवढ्याने उलगडा होत नाही. आपल्या प्रश्नातील 'हुबेहूब' हा शब्द मला तपासून पाहावासा वाटतो. मारामारीच्या किंवा गोळीबाराच्या खेळांना तो बराचसा लागू पडतो, कारण त्यांत दांडी आणि बटणे एवढेच असते. शर्यतीच्या खेळात मात्र खेळाचा मोठा हिस्सा प्रोग्रामच्या बाहेर असतो.

अटारी कंपनीचा १९७६ सालचा 'नाइट ड्रायव्हर' पाहा. काळ्या पडद्यावर रस्त्याच्या दोन्ही कडांचे पांढरे खुंट आपल्या दिशेने धावत येतात, आणि खेळाडूची मोटार खालच्या बाजूला दिसते. ती मोटार प्रोग्राममध्ये कुठेच नाही. ती पडद्यावर बसवलेली प्लास्टिकची आकृती आहे. मोबाइलवर तो खेळ उतरवला की मोटार कोणीतरी नव्याने काढावी लागते. सेगाचा १९७९ सालचा 'मोनॅको जीपी' याहून पुढचे उदाहरण आहे, कारण त्यात प्रोसेसरच नाही. रस्ता, गाड्या, टक्कर, गुण हे सगळे सुट्या लॉजिक चिपांच्या जोडणीतून घडते. वाचून घ्यायला प्रोग्राम नाही, म्हणून नेहमीच्या पद्धतीने त्याची संगणकीय नक्कल होत नाही. ती करायची तर सगळे सर्किट पुन्हा गणितात मांडावे लागते.

स्टिअरिंगचेही तसेच आहे. नामको कंपनीच्या १९८२ सालच्या 'पोल पोझिशन'मध्ये चाक दोन्ही दिशांना अमर्याद फिरते, कारण त्याखाली खाचा असलेली चकती आणि प्रकाशकिरण मोजणारा भाग असतो. 'आउट रन'मध्ये चाकाला दोन्हीकडे मर्यादा आहे आणि त्याखाली रेडिओच्या आवाजाच्या बटणासारखा एक पोटेन्शिओमीटर आहे. दोन्ही चाके हाताला वेगळी लागतात आणि दोन्ही खेळांतील वळण घेण्याची कला त्यानुसार वेगळी आहे. कीबोर्डवरील बाण मात्र एक तर दाबलेला असतो किंवा सोडलेला असतो. पायाखालच्या ॲक्सिलरेटरला अर्धवट दाब देऊन वळण काढण्याचे कसब तेथे उरतच नाही. 'पोल पोझिशन'ची बसायची पेटी आणि उभी पेटी यांत तर पायांचाही फरक आहे. बसायच्या पेटीत ब्रेक आहे, उभीत नाही. एकाच खेळाचे हे दोन अनुभव संग्राहक वेगवेगळे मोजतो, आणि त्याचे ते मोजणे योग्यच आहे.

या दिशेने उत्पादक किती दूर गेले हे पाहायचे असेल तर नामकोच्या १९९३ सालच्या 'रिज रेसर'कडे पाहावे. त्याची एक आवृत्ती अशी होती की खेळाडू खऱ्या माझदा मोटारीत बसे आणि समोरच्या भल्यामोठ्या पडद्यावर रस्ता दिसे. सेगाच्या 'डेटोना यूएसए'मध्ये आठपर्यंत आसने एकमेकांना जोडता येत आणि शेजारच्या आसनावरील मित्राला धडक देऊन मागे वळून हसता येई. हे हसणे कोणत्या फाइलमध्ये साठवणार? आपण अभियंता होणार आहात, म्हणून एक विनंती करतो. नक्कल करणाऱ्या प्रोग्रामांना कमी लेखू नये. १९९७ पासून चालत आलेल्या 'मेम' या प्रकल्पामुळे शेकडो कंपन्यांचे प्रोग्राम नाश होण्यापासून वाचले आणि संग्राहकही बिघडलेला बोर्ड दुरुस्त करताना त्याच माहितीचा आधार घेतात. फक्त प्रोग्राम वाचला म्हणजे यंत्र वाचले असे समजू नये.

प्रश्न : माझ्याकडे अमेरिकन बनावटीची शर्यतीची एक उभी पेटी आहे. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो आणि विजेचा दाब दिवसभर खाली-वर होतो. यंत्र टिकवण्यासाठी काय करावे? — एक वाचक, भुसावळ

उत्तर : आपल्या यंत्राचा पहिला शत्रू विजेची जोडणी आहे आणि उन्हाळा त्यानंतर येतो. आपल्या घरात २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ वीज येते. अमेरिकेत ती १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झ असते, तर जपानी यंत्रे १०० व्होल्टांची असतात. आतील पट्टीवर काय लिहिले आहे ते वाचल्याशिवाय पेटी प्लगला लावू नये. काही पेट्यांत दाब निवडण्याची सोय असते. नसेल तर दाब उतरवणारा ट्रान्सफॉर्मर लागतो. तो बाजारातील स्वस्त डबी नसावा, तर दोन्ही वेढे वेगळे असलेला आणि यंत्राच्या गरजेच्या दीडपट-दुप्पट क्षमतेचा असावा. ६० हर्ट्झसाठी बांधलेला ट्रान्सफॉर्मर ५० हर्ट्झवर जास्त तापतो, हेही लक्षात ठेवावे. शेतीपंपांच्या कृपेने खान्देशात प्रत्येक तालुक्याच्या गावी रिवाइंडिंगची दुकाने आहेत, आणि योग्य मागणी लिहून दिली तर असा ट्रान्सफॉर्मर तेथे उत्तम बांधून मिळतो. त्याच्या आधी स्टेबिलायझर बसवावा आणि अर्थिंग खरोखर जमिनीत गेले आहे याची खात्री करून घ्यावी.

बोर्डाला पाच व्होल्टांचा पुरवठा लागतो आणि हा आकडा मीटरने बोर्डावरच मोजावा, पुरवठ्याच्या तोंडाशी नव्हे. ४.७५ च्या खाली गेला तर खेळ अडखळतो, ५.२५ च्या वर गेला तर चिपांना धोका असतो. आपली पेटी 'पोल पोझिशन'ची असेल तर बोर्डाच्या कडेची जोडणी विशेष निरखून पाहावी. तो बोर्ड पाच व्होल्टांवर इतका मोठा प्रवाह ओढतो की तेथील संपर्क तापून काळे पडतात, कधी जळतातही. नुसते घासून साफ केल्याने ते पुन्हा जळतात. कनेक्टर बदलावाच लागतो.

उष्णतेने सर्वांत आधी कंडेन्सर मरतात. तापमान दहा अंशांनी वाढले की इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरचे आयुष्य साधारण निम्मे होते, असा ढोबळ नियम आहे; म्हणून नवे घालताना ८५ अंशांचे न घेता १०५ अंशांचे घ्यावेत. आपल्याकडे जिनिंगचा हंगाम असला की हवेत कापसाचे तंतू उडतात आणि ते पंख्याच्या जाळीवर नमद्यासारखे बसतात. जाळी दर महिन्याला काढून झटकावी. मे महिन्यातील दुपारी यंत्र लावू नये, संध्याकाळी लावावे. पावसाळ्यात मात्र उलट करावे, म्हणजे आठवड्यातून एकदा तासभर चालू ठेवावे, कारण दमट हवेत बंद पडून राहिलेली पेटी चालत्या पेटीपेक्षा लवकर खराब होते. खाली विटांवर किंवा लोखंडी चौकटीवर ठेवली नसेल तर वाळवीही विसरू नये. बहुतेक पेट्या प्लायवुडच्या किंवा भुसा दाबून केलेल्या फळीच्या असतात, आणि ती फळी एकदा पाणी पिऊन फुगली की पूर्ववत होत नाही.

प्रश्न : लहानपणी टीव्हीला जोडून खेळलेल्या 'रोड फायटर'ची काडतुसे माझ्याकडे डबाभर आहेत. त्यांना संग्राहकांत किंमत आहे का? — एक वाचक, चाळीसगाव

उत्तर : फारशी नाही. 'रोड फायटर' हा कोनामी कंपनीचा १९८४ सालचा पार्लरमधील खेळ, आणि तो पुढे जपानी फॅमिकॉम यंत्रासाठी निघाला. आपल्याकडे जी टीव्ही गेमची यंत्रे आणि एका काडतुसात अनेक खेळ कोंबलेली काडतुसे घरोघरी होती, ती त्या फॅमिकॉमच्या नकला होत्या आणि त्यांचे उत्पादन अमाप झाले. मूळ जपानी काडतूस, त्याची पेटी आणि माहितीपुस्तिका एकत्र असतील तर गोष्ट वेगळी. आपला डबा घरातील मुलांना खेळायला द्यावा.

प्रश्न : मोटारीच्या शर्यतीचे सर्वांत जुने खेळयंत्र कोणते? — एक वाचक, शहादा

उत्तर : पडदा आणि इलेक्ट्रॉनिक चित्र असलेले म्हणाल तर १९७४ साल धरावे लागते. त्या वर्षी अटारीने 'ग्रॅन ट्रॅक १०' बाजारात आणला, ज्यात स्टिअरिंग, गिअरची दांडी आणि पायाखालची पेडल ही सगळी होती आणि मार्ग आकाशातून पाहिल्यासारखा एकाच पडद्यावर दिसे. प्रोसेसर त्यातही नव्हता. त्याच वर्षी जपानमध्ये तायतो कंपनीने तोमोहिरो निशिकाडो यांनी केलेला 'स्पीड रेस' काढला. त्यात रस्ता वरून खाली सरकत येई. हेच निशिकाडो पुढे १९७८ साली 'स्पेस इन्व्हेडर्स'मुळे जगभर माहीत झाले.

पण इलेक्ट्रॉनिक चित्राची अट सोडली तर इतिहास पुष्कळ मागे जातो. १९४१ साली अमेरिकेत 'ड्राइव्ह मोबाइल' नावाचे यंत्र होते, ज्यात फिरत्या पिंपावर रस्ता रंगवलेला असे आणि छोटी मोटार त्यावर सांभाळायची असे. १९६८ साली जपानच्या कास्को कंपनीने 'इंडी ५००' काढले, आणि पुढच्या वर्षी शिकागो कॉइन कंपनीने त्याच कल्पनेवर 'स्पीडवे' हे यंत्र अमेरिकेत आणले. त्यांत फिरत्या तबकड्यांवरील मोटारींच्या रंगीत आकृत्या दिव्याच्या प्रकाशाने पडद्यावर पडत. माझ्या मते संग्राहकांनी ज्यांकडे अजून पुरेसे लक्ष दिलेले नाही अशी ही यंत्रे आहेत. यांची दुरुस्ती दात असलेली चाके, रिले, दिवे आणि पट्टे यांची असते, आणि ती करायला चिपांचा नव्हे तर घड्याळजीचा स्वभाव लागतो.

प्रश्न : 'सुपर हँग-ऑन' या मोटारसायकलच्या शर्यतीचा बोर्ड मिळाला आहे. कुठेही जळाल्याची खूण नाही, सर्व दाब बरोबर आहेत, तरी पडद्यावर काहीच अर्थ लागत नाही. — एक वाचक, चोपडा

उत्तर : बॅटरी मेली असण्याची शक्यता सर्वांत जास्त आहे. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात सेगाने काही खेळांच्या प्रोसेसरच्या आवरणातच एक बॅटरी आणि प्रोग्राम उलगडण्याची गुप्त किल्ली बसवली. एफडी१०८९ आणि एफडी१०९४ अशी नावे त्या भागांवर असतात. नकली बोर्ड निघू नयेत हा त्यामागील हेतू होता, परंतु बॅटरी संपली की किल्ली पुसली जाते आणि अस्सल बोर्डही मुका होतो. उपाय आहे. जाणकारांनी उलगडलेला प्रोग्राम नव्या ईप्रॉममध्ये, म्हणजे प्रोग्राम साठवणाऱ्या चिपमध्ये, भरून, त्या भागाच्या जागी साधा ६८००० प्रोसेसर लावला की खेळ सुरू होतो. काढलेला मूळ भाग टाकून देऊ नये, बोर्डाबरोबरच ठेवावा. पुढील खरेदीदार तो मागतो. 'आउट रन'च्या बहुतेक बोर्डांवर ही बॅटरी नसते, आणि त्या खेळाच्या लोकप्रियतेचे हेही एक व्यावहारिक कारण मानले पाहिजे. त्याचे दुःख एवढेच की मूळ बोर्डात उच्चांक साठत नाहीत, वीज गेली की नावांची यादी कोरी होते, आणि भारनियमनाच्या गावात विक्रम टिकवणे हे खेळण्यापेक्षा अवघड काम होऊन बसते.

प्रश्न : आमच्याकडे मोटारीचा असला एक खेळ हॉलमध्ये आणण्याचे यांचे चालले आहे. मला यंत्राचे वावडे नाही, पण गव्हाची कोठी कुठे हलवायची हा प्रश्न आहे. शिवाय घरात लहान मुले आहेत आणि विजेचे बिल आहेच. आपले मत काय? — एक वाचक, पाचोरा

उत्तर : ताई, आपल्या यजमानांना बसायच्या पेटीऐवजी उभी पेटी घ्यायला सांगावे, ती भिंतीला लागून राहते आणि कोठी जागची हलत नाही. बिलाची काळजी फार नको, कारण अशी पेटी पंख्यापेक्षा बरीच जास्त पण एअर कंडिशनरपेक्षा बरीच कमी वीज घेते. मुलांच्या बाबतीत एकच गोष्ट कटाक्षाने पाळावी. मागच्या दरवाजाला चांगले कुलूप असावे आणि किल्ली मोठ्या माणसाकडे असावी, कारण धोका पुढील बाजूस नसून आतील ट्यूबशी आहे. खेळाचा आवाज नाणे-दाराच्या आत किंवा मागील बाजूस असलेल्या बटणाने कमी करता येतो, हे शेजाऱ्यांनी तक्रार करण्याआधी शोधून ठेवावे. आणि पैसे देण्याआधी यजमानांनी टेप घेऊन घराचा दरवाजा, जिन्याचे वळण आणि पेटीची रुंदी-खोली ही तिन्ही मापे कागदावर लिहून आपल्याला दाखवावीत. पेटी तिरपी करून आत घेता येईल असे विक्रेते सांगतात, पण ट्यूब आत असताना ती आडवी करणे म्हणजे तिचा जीव धोक्यात घालणे आहे.